सत्यप्रत

दोन्ही पत्रं एकाच दुपारी आली, लाइट गेलेली असताना.
आधी जबलपूर उघडलं, मग पुणे,
मग फोनची बॅटरी चार टक्के,
म्हणून आनंद करायचा राहून गेला.

आई कोर्टातून आली तेव्हा कूलर परत सुरू झाला होता.
सव्वीस वर्षं ती नकल शाखेत आहे.
लोक निकाल मागायला येतात, ती प्रत देते,
पानापानावर निळा शिक्का : सत्यप्रतिलिपि.
घरी ती सत्यप्रत म्हणते.
बाहेर लश्करात तिला मराठीत कुणी काही विचारत नाही.

तिनं पत्रं छापून आणायला लावली,
दौलतगंजात, पानाला तीन रुपये,
आणि वाचायला घेतली शेवटच्या पानापासून.
"आदेश शेवटी असतो," म्हणाली,
"आधीची चाळीस पानं म्हणजे कोण काय बोललं ते."

पुण्याच्या शेवटच्या पानावर :
अनामत रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.
जबलपूरच्या :
निम्मी फी माफ, दरवर्षी साठ टक्के राखल्यास.
आईनं 'राखल्यास'खाली पेन्सिलनं रेघ मारली,
मग 'कोणत्याही'खाली.
मग चहा टाकला.

तेवढ्यात औंधहून मामा.
"विचार कसला करतेस, इथे आपली माणसं आहेत."
मागच्या दिवाळीत त्याच्याच जिन्यात
एका आपल्या माणसाला मी म्हटलं होतं,
काका, तुमच्या टाकीतून पाणी वाहून राहिलंय.
तो हसला. वाईट नाही हसला,
नाटकात नोकर आल्यावर हसतात तसं.
"मूळची कुठली गं तू?"
सात पिढ्या आम्ही ग्वाल्हेरात ही भाषा
फुलपात्रासारखी घासूनपुसून ठेवली,
आणि चौथ्या मजल्यावर कळलं, तिला पोचे आलेत.

जबलपुरात असं कुणी विचारणार नाही.
तिथे मी नुसती ग्वालियरवाली,
हिंदीत भांडेन, हिंदीत झोपेन.
सोपं आहे.
दोन रात्री मी हे सोपं आहे, सोपं आहे म्हणत
गच्चीवर पडून होते. किल्ल्यावरचे दिवे
बारानंतर एकेक करून गेले.

तिसऱ्या रात्री गजकच्या रिकाम्या डब्याचं झाकण फाडून
दोन रकाने आखले.
फी. अंतर. हॉस्टेलचं गेट, जबलपूर साडेसात,
पुण्यानं काही लिहिलेलं नाही.
लायब्ररी किती वाजेपर्यंत.
आजारी पडले तर कोण येईल : मामा, किंवा
रात्रभर गाडीत बसून आई.
बेरीज दोन्हीकडे सारखी. परत केली, तरी सारखी.
रागानं झाकण उलटं टाकलं
तर पाठीमागे एकच रकाना उमटलेला,
खोल, बोटांना लागेल असा.
दुसऱ्या रकान्यात मी पेन नुसतं फिरवलं होतं.

"पुणे," मी सकाळी म्हटलं,
"त्या जिन्यातल्या काकांची उलटतपासणी राहिली आहे."
आई हसली नाही.
फंडातून किती काढता येतात
ते तिनं मंगळवारीच विचारून ठेवलं होतं.
पत्रं आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी.
मला एका शब्दानं बोलली नव्हती.
"पटलं का तुला?" मी विचारलं.
"नकल देताना मी विचारते का कुणाला,
निकाल पटला का म्हणून?"

मग जबलपूरला नकार लिहायचा होता.
सविनय निवेदन है, तिनं सांगितलं, मी लिहिलं.
आभार किती मानायचे यावर वाद झाला.
शेवटी एक ओळ मी माझ्या मनानं घातली :
कृपया यह सीट प्रतीक्षा सूची में अगले को दी जाए.
कुणी असेल, सागरची, सिवनीची,
दर तासाला फोन उघडून बघणारी,
लाइट असो नसो.

आईनं नकाराचीही प्रत काढून आणली, घरी ठेवायला.
शेवटच्या पानापासून वाचायला गेली, पण पानच एक होतं.
खाली, सहीच्या बाजूला
तिचा हात सवयीनं थांबला. शिक्का ऑफिसात.
अंगठा चहानं ओला होता,
तोच टेकवला.